खालचं शेत, वरचा बर्फ

जानेवारीत लेस्टरला वारा सुटतो, पण तो काही फार मोठा वारा नसतो. बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या दुकानांची शटरं खडखडतात, कुणाची तरी चाकांची कचरापेटी रस्त्यात आडवी होते आणि टीव्हीवरची बाई स्कॉटलंडचा नकाशा पिवळा करून दाखवते. माझी मुलगी बातम्या बघता बघता म्हणते, "आई, तिकडे खूप स्नो आला. ती रोड बंद झाला." मी तिचं व्याकरण सुधारत नाही. माझे हात कणकेतच थांबलेले असतात. मला दुसरा एक वारा आठवत असतो. तो माणसाला ढकलायचा नाही, मारायचा. दार उघडलं की आधी छातीवर, मग तोंडावर.

त्या वाऱ्यात मी सहा हिवाळे काढले. त्यातला तिसरा हिवाळा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

नागपूरहून मी एक्स-रे काढायची नोकरी घेऊन आले होते. वर्क व्हिसा हातात होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि कुठेही पाठवा म्हणून मी फॉर्मवर खूण केली होती. त्यांनी मला स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका गावात पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्यातली काही माणसं अजून तिथे राहतात. एक रस्ता, एक दुकान, एक हॉल, आठ खाटांचं दगडी हॉस्पिटल. आणि गावाच्या डोक्यावर एक डोंगर, ज्यावर लोक स्की करायला यायचे.

स्की रिसॉर्ट म्हटलं की आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही यायचं. आमचं रिसॉर्ट म्हणजे दोन टो, सूप आणि चिप्स देणारी एक लाकडी खोली, आणि गाड्या लावायला चिखल. टो म्हणजे डोंगरावर फिरत राहणारी लोखंडी तार. तिला दांडे लटकलेले असतात, ते मांड्यांमध्ये धरायचे आणि तार तुम्हाला वर ओढत नेते. मी तिथे जायच्या चाळीसेक वर्षं आधी गावातल्या दोन तरुणांनी एका जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन वापरून पहिला टो उभा केला होता. डगी आणि अ‍ॅलेक. मी गेले तेव्हा दोघंही साठीच्या पुढे होते आणि टो तेच चालवत होते.

डगी बुटका, जाड मानेचा, कायम ग्रीसचा वास येणारा. लग्न केलेलं नव्हतं. टोच्या पायथ्याशी त्याची पत्र्याची शेड होती आणि खरं घर तेच होतं त्याचं. अ‍ॅलेक उंच, सुतार, हळू बोलणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी भाड्याच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्याने माझ्या मसाल्याच्या डब्यांसाठी फळी करून दिली होती. प्रत्येक डबा हातात घेऊन, त्याची उंची मोजून. तो मोजत होता तेव्हा डगी दारात उभा राहून त्याला चुका दाखवत होता. ते दोघं बोलायचे ते भांडल्यासारखंच. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की त्यांच्यातलं प्रेम असंच बाहेर पडतं, आणि ते खरंही होतं.

अ‍ॅलेकची एकुलती एक मुलगी किर्स्टी आमच्या हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या कामाला होती. त्या गावात मला मैत्रीण म्हणता येईल अशी ती एकटी. हसायची मोठ्याने, शिव्या द्यायची त्याहून मोठ्याने. ती, तिचा नवरा क्रेग आणि दोन लहान मुलं एका कॅरॅव्हॅनमध्ये राहायची, चाकांवरच्या डब्यात. क्रेग रस्त्यावर बर्फ काढायची गाडी चालवायचा. कमावती माणसं होती दोघं, पण गावात घर मिळत नव्हतं. जे घर रिकामं व्हायचं ते शहरातलं कुणीतरी सुट्टीसाठी घ्यायचं आणि वर्षातले दहा महिने त्याचे पडदे ओढलेले राहायचे. किर्स्टीच्या डब्याच्या भिंतींना आतून बुरशी धरायची. धाकट्याची छाती सतत भरलेली. त्या पोराच्या छातीचा एक्स-रे मी एका हिवाळ्यात तीनदा काढला.

तो डबा ज्या शेताच्या कडेला उभा होता, त्या शेतावरून सगळं पेटलं.

गावातली तेवढीच सपाट जमीन. बाकी सगळा चढ, दगड आणि दलदल. त्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये गावांना आपापली जमीन विकत घेता येऊ लागली होती. आमच्या गावाने डोंगर आणि खालचं शेत दोन्ही घेतलं. त्या दिवशी हॉलमध्ये म्हातारी माणसं रडली होती असं किर्स्टी सांगायची. पण जमीन हातात आली आणि तिचं काय करायचं हा प्रश्नही आला. बर्फ दर वर्षी कमी पडत होता. जो पडायचा तो खाली टिकत नव्हता. वर, डोंगराच्या शेंड्याजवळ बशीसारखा एक खोलगट भाग होता, तिथे मात्र एप्रिलपर्यंत बर्फ राहायचा. बाहेरची एक कंपनी म्हणत होती, तिथपर्यंत खुर्च्यांची लिफ्ट आम्ही बांधून देतो, पण त्या बदल्यात खालचं शेत द्या, आम्हाला हॉटेल आणि सुट्टीचे फ्लॅट बांधायचेत. दुसरा पर्याय होता, गावातल्यांसाठी भाड्याची घरं. एकच शेत. लिफ्ट किंवा घरं. फेब्रुवारीत मतदान ठरलं, गावात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक मत. मलाही.

डगी लिफ्टच्या बाजूने उभा राहिला. डोंगर मेला तर घरांत राहून करणार काय, असं तो म्हणायचा. अ‍ॅलेक घरांच्या बाजूने. त्याने फार काही म्हणायची गरज नव्हती, त्याची मुलगी सगळ्यांना दिसत होती.

मला हे भांडण नवं नव्हतं. नागपुरात आमच्या वस्तीत एकच मोकळा प्लॉट होता आणि त्यावर विहार बांधायचा की मुलांसाठी अभ्यासिका, यावरून दोन वर्षं माणसं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हती. माझे वडील अभ्यासिकेच्या बाजूचे. एकदा सभेतून ते घरी आले तेव्हा शर्टाची कॉलर फाटलेली होती आणि कानामागून रक्त येत होतं. आईने विचारलं तर म्हणाले, मतभेद झाले. माझ्या मनात तेव्हा बसलं ते असं, की गावाच्या भल्याचा प्रश्न निघाला की लोकांचे हात उठतात. परक्याचा एवढा राग कुणाला येत नाही.

त्या हिवाळ्यात डिसेंबरपासून वारा थांबला नाही. बर्फ पडायचा, पण जमिनीवर बसायच्या आत वारा त्याला उचलून दरीपलीकडे नेऊन टाकायचा. डोंगर काळा, ओला, सोललेल्या जनावरासारखा दिसायचा. सूपच्या खोलीचं छप्पर एका दुपारी अख्खंच्या अख्खं उठलं, दोनदा उलटलं आणि पार्किंगमधल्या एका गाडीवर आपटलं. गाडीत कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात टोची तार बर्फाने जड होऊन तुटली. ताणलेली लोखंडी तार तुटते तेव्हा ती चाबकासारखी फिरते. तिने एका लाकडी खांबाचे दोन तुकडे केले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका स्कीवाल्याच्या पायाचेही. त्याचा एक्स-रे मीच काढला. पोटरीचं हाड फुटलेल्या काचेसारखं होतं. तो ओरडत नव्हता, फक्त माझं नाव पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मी पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग हरणं खाली आली. वर खायला काही उरलं नव्हतं, म्हणून शंभरेक हरणं खालच्या शेतात येऊन उभी राहिली, फासळ्या दिसणारी, माणसाला न घाबरणारी. कुंपणं तोडायची, रस्त्यावर गाड्यांसमोर यायची. शेवटी बंदुकवाल्यांना बोलावलं. दोन दिवस दिवसाउजेडी शेतात गोळ्या झडत होत्या. हॉस्पिटलच्या खिडकीतून मला दिसायचं, एखादं हरीण गोळी लागल्यावरही दहा पावलं चालायचं, जणू काही झालंच नाही, आणि मग पुढचे पाय दुमडायचे. किर्स्टीची मुलं त्या डब्यात बसून हे पाहत होती. शेतातल्या चिखलाचा रंग आठवडाभर वेगळा होता.

आणि माणसं. घरांच्या बाजूची पाटी कुणीतरी कुऱ्हाडीने फोडली. लिफ्टच्या बाजूच्या एका बाईच्या गाडीचे चारही टायर फाडले. दुकानात माणसं रांगेत उभी राहून एकमेकांच्या पाठीकडे बघायची. आमच्या हॉस्पिटलमध्ये दोन नर्सेस एका पेशंटला दोन बाजूंनी उचलायच्या पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत. त्या हिवाळ्यात मी इतकी मोडलेली हाडं पाहिली की मला संध्याकाळी जेवताना लोकांच्या हातांतली हाडं दिसायची.

मतदानाच्या दोन आठवडे आधी, एका शनिवारी दुपारी, हॉलमध्ये सभा झाली. मी ड्युटीवर होते. नंतर कळलं की डगी आणि अ‍ॅलेक एकमेकांवर इतके ओरडले की अध्यक्षांनी सभा मध्येच थांबवली. डगीने अ‍ॅलेकला म्हटलं, तू डोंगर विकतोयस. अ‍ॅलेकने म्हटलं, तू माझी नातवंडं विकतोयस. चाळीस वर्षांची दोस्ती शंभर माणसांसमोर अशी उघडी पडली.

साधारण तासाभराने डगी माझ्या एक्स-रेच्या खोलीत आला. उजवा हात डाव्या हातात धरलेला, करंगळीकडची बाजू सुजून काळीनिळी. बर्फावर घसरलो, म्हणाला. मी त्याचा हात प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली, त्याने दात आवळले. फिल्म धुऊन आली. करंगळीच्या मुळाचं, तळहातातलं हाड मोडलेलं होतं, डोकं आत वाकलेलं. माणूस बर्फावर पडतो तेव्हा मनगट मोडतं. हे हाड मोडतं मुठीने. मूठ वळून कुठल्यातरी कठीण गोष्टीवर जोरात मारली की. आम्हाला हे पहिल्या वर्षाला शिकवतात.  डॉक्टर प्लास्टर घालायला त्याला घेऊन गेले.

अर्ध्या तासाने अ‍ॅलेक आला. जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडातून लाळ आणि रक्त, समोरचे दोन दात हातातल्या रुमालात. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने खिशातली सुतारकामाची पेन्सिल काढली आणि माझ्या वहीवर लिहिलं: बर्फावर पडलो.

मी दोन्ही फिल्म लाइटबॉक्सवर शेजारी शेजारी लावल्या. एक मूठ, एक जबडा. ते दोघं मिळून माझ्याशी एकच खोटं बोलले होते, आणि ते खोटं माझ्यासमोर उजेडात लटकत होतं. मला डगीचा इतका राग आला की मी लाइटबॉक्सचं बटण बंद करताना माझं बोट दुखावलं. पासष्टीचा माणूस, आपल्या सगळ्यात जुन्या मित्राचा जबडा फोडतो, आणि मग त्याला खोटं बोलायला लावतो.

अ‍ॅलेकला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. त्याचा जबडा तारांनी बांधून टाकला. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, जे काही घ्यायचं ते नळीने.

पुढच्या सोमवारी दुपारी मी किर्स्टीकडे गेले. वारा इतका होता की कॅरॅव्हॅन दोरखंडांनी सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधली होती आणि तरी ती हलत होती, कपातला चहा कडेपर्यंत येऊन परत जात होता. मुलं शाळेत. क्रेग कोपऱ्यात बसला होता, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून. आत हीटर चालू होता आणि तरी टोपी. मला ते दिसलं, पण मी त्याचा विचार केला नाही.

किर्स्टी खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग तिने विचारलं, डगीने मारलं ना? मी म्हटलं, मला सांगता येत नाही, नोकरी आहे माझी. ती म्हणाली, त्याच्या हाताला प्लास्टर आहे, सगळ्यांनी पाहिलंय, म्हणतो बर्फावर पडलो. तिचे डोळे रडून सुजले होते. धाकटा मागच्या खोलीत नाही हे माहीत असूनही मला त्याचा खोकला ऐकू येत होता. मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. निदान एक खरी गोष्ट तिच्या हातात द्यावी असं वाटलं.

मी म्हटलं, "बर्फावर पडून ते हाड मोडत नाही, किर्स्टी."

बस, एवढंच. क्रेगने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यालाही डगीचा राग आलाय.

दोन दिवसांत ते वाक्य गावभर झालं. एक्स-रेवाली म्हणते, डगीने मुद्दाम मारलं. एक्स-रेत दिसतं म्हणे सगळं. दुकानात लोक माझ्याकडे बघून मान हलवायला लागले, जणू मी त्यांच्या बाजूची साक्षीदार. जे लोक काठावर होते ते घरांकडे वळले. कुणीतरी डगीच्या गाडीवर लाल रंगाने एक शब्द लिहिला, तो मी इथे लिहीत नाही.

त्या रविवारी सकाळी, लोक चर्चला जायच्या वेळेला, डोंगराच्या पायथ्याकडून धूर यायला लागला. वाऱ्याने तो धूर जमिनीलगत आडवा पसरत होता. डगीची शेड पेटली होती. डिझेलचे ड्रम होते आत, एकामागून एक फुटत होते, पत्रे कागदासारखे हवेत उडत होते. मी खिडकीशी उभी होते आणि काच माझ्या हाताला थरथरताना जाणवत होती. डगी बाहेर सुरक्षित उभा होता, असं नंतर पाहणाऱ्यांनी सांगितलं. आणि मग तो आत गेला. पहिल्या टोचं ट्रॅक्टरचं इंजिन आत होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं, बंद पडलेलं, कुठल्याही कामाचं नसलेलं. ते लोखंडी इंजिन तो एका प्लास्टरमधल्या हाताने आणि एका मोकळ्या हाताने ओढायला गेला.

त्याला क्रेगने बाहेर काढलं. बर्फ काढायची गाडी घेऊन तो सगळ्यांत आधी पोहोचला होता. दोघांचेही केस जळले होते. डगीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला हेलिकॉप्टरने नेलं, आणि त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरायला तीनदा प्रयत्न करावे लागले. आग कुणी लावली ते कधीच कळलं नाही. पोलीस आले, घरोघर गेले, कुणी काही पाहिलं नव्हतं.

मतदान झालं. घरं जिंकली, मोठ्या फरकाने. मीही घरांना मत दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वारा पडला होता आणि सबंध डोंगरावर पांढराशुभ्र बर्फ बसला होता. त्यावर जायला कुणी नव्हतं.

मार्चच्या शेवटी अ‍ॅलेकच्या जबड्याच्या तारा काढल्या. त्याला शहरापर्यंत पुन्हा जायला लागू नये म्हणून शेवटची फिल्म आमच्याकडेच काढायची होती. तो आला तेव्हा निम्मा झालेला होता, कोट खुंटीला लटकवल्यासारखा अंगावर. मी फिल्म काढली. हाड जुळलं होतं. मी त्याला तसं सांगितलं, आणि का कोण जाणे, पुढे म्हटलं, त्याने असं करायला नको होतं.

अ‍ॅलेकने विचारलं, कुणी?

त्याचा आवाज गंजल्यासारखा येत होता. सहा आठवडे न वापरलेला. मी म्हटलं, डगीने. तो टेबलावर बसूनच राहिला, पाय खाली लोंबत. मग त्याने हळूहळू, प्रत्येक शब्दाला जबडा धरत सगळं सांगितलं.

सभेनंतर तो डगीच्या शेडवर गेला होता, मिटवायला. शंभर माणसांसमोर बोललो ते बोललो, पण आपण दोघांनी बांधलेला डोंगर मी बुडवू शकत नाही, असं त्याने डगीला सांगितलं. मी लिफ्टला मत देईन, किर्स्टीला कळू देऊ नकोस. क्रेग त्याला घरी न्यायला आला होता आणि दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. पाच वर्षं बुरशीच्या डब्यात बायकोमुलांना ठेवलेला माणूस. त्याने आत येऊन आपल्या सासऱ्याच्या तोंडावर हातातला पाना हाणला. पुन्हा उचलला होता, तेवढ्यात डगीने त्याच्या कपाळावर ठोसा मारला. कपाळ कठीण असतं. डगीचं हाड मोडलं.

"मग तिघं जमिनीवर बसलो," अ‍ॅलेक म्हणाला. "क्रेग रडत होता. डगीच म्हणाला, बर्फावर पडलो असं सांगू. किर्स्टीला नवरा पाहिजे, पोरांना बाप पाहिजे."

मला टोपी आठवली. गरम हीटरजवळ भुवयांपर्यंत ओढलेली टोपी.

अ‍ॅलेकला लिहिता येत होतं. सहा आठवडे त्याच्याकडे पेन्सिल होती. त्याने काही लिहिलं नाही, कारण खरं लिहिलं असतं तर मुलीचं घर मोडलं असतं. आणि डगीने काही सांगितलं नाही, शेड जळली तरी नाही, हात जळले तरी नाही. मी एकटीच बोलले होते. मला माहीत नसलेलं मी सांगितलं होतं. वडील आम्हाला लहानपणी पंचशील शिकवताना चौथ्या शीलावर थांबायचे. खोटं बोलायचं नाही, एवढंच नाही ते, म्हणायचे, चुगलीही त्यातच आली. मी तर खोटंही बोलले नव्हते. माझं वाक्य शब्दशः खरं होतं. हाड कसं मोडलं ते मला कळलं होतं. का, ते फिल्मवर दिसत नाही.

एप्रिलमध्ये डगी परत आला. त्याला बहिणीच्या घरी ठेवलं होतं. मी गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर परक्या वस्तूंसारखे ठेवलेले. बहीण चहा ठेवून बाहेर गेली. त्याला कप धरता येत नव्हता. मी कप त्याच्या तोंडाशी धरला. त्याने दोन घोट घेतले.

मी म्हटलं, ते वाक्य माझं होतं.

तो म्हणाला, ठाऊक आहे, क्रेग दर रविवारी येतो दाढी करून द्यायला, त्याने सांगितलं. मग तो खिडकीबाहेर बघायला लागला. डोंगरावर बर्फ अजून होता, वरच्या बशीत, उन्हात चमकत.

"घरांना मत दिलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"बरोबर केलंस. मी पोरांचा बाप असतो तर मीही तेच केलं असतं." त्याने पट्ट्यांतली बोटं हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाहीत. "तुझं मत मला चाललं असतं, नंदा. हरलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पुढच्या वर्षी पुन्हा टो लावला असता. आता गावाने मला हरवलं असं वाटत नाही. गावाने मला हाकललं असं वाटतं."

मी माफी मागितली. तो म्हणाला, मागू नकोस, पण किर्स्टीला कधी सांगायचंही नाही. मी तसं कबूल केलं. मग त्याने तोंड पुढे केलं आणि मी पुन्हा कप धरला.

खालच्या शेतात घरं झाली. खरोखर चांगली घरं झाली, जाड भिंतींची, कोरडी. मी गाव सोडायच्या आधी किर्स्टीच्या नव्या स्वयंपाकघरात जेवले. धाकट्याचा खोकला एका वर्षात गेला, त्याच्या छातीची शेवटची फिल्म स्वच्छ होती, आणि ती हातात घेऊन मी काळोख्या खोलीत उभी राहून रडले, कारण आनंद खरा होता आणि तो कशावर उभा आहे हेही मला माहीत होतं. टो पुन्हा सुरू झाले नाहीत. खांब दोन वर्षं उभे होते, मग कापून नेले. गावात शाळा टिकली, दुकान टिकलं. हिवाळ्यात बाहेरची माणसं येईनाशी झाली. कुणी म्हणतं गावाने योग्य निवडलं, कुणी म्हणतं नाही. मला विचारलं तर मी आजही घरांनाच मत देईन. पण ते मत देताना लोकांच्या मनात डगीचा राग होता, आणि तो राग मी त्यांना पुरवला होता. गावाने आपल्या गरजा तोलून निवड केली असं कागदोपत्री आहे. मी तिथे होते. लोकांनी एका माणसाला शिक्षा केली.

लेस्टरला आले, लग्न झालं, मुलगी झाली. अ‍ॅलेक गेला तेव्हा मी अंत्यविधीला गेले होते, डगी शेवटच्या रांगेत एकटा उभा होता आणि किर्स्टीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मुलांचं सांगितलं, मोठा आता इंजिनिअर होतोय. मग सहज म्हणाली, डगी गेला, गुरुवारी फ्युनरल आहे त्याचं. मी विचारलं, जाणार ना? ती म्हणाली, मी कशाला जाऊ, माझ्या बापाचा जबडा फोडणाऱ्याला खांदा द्यायला? क्रेग जातोय, त्याला उगाच त्या म्हाताऱ्याचा पुळका, इतकी वर्षं दर रविवारी दाढी करत होता त्याची. माझ्याशी बोलतही नाहीये सकाळपासून.

 डगीला दिलेला शब्द होता, आणि डगी आता नव्हता. शब्द कुणाला दिलेला असतो, माणसाला की त्याच्या भीतीला, हे मला कळेना. किर्स्टी दोनदा हॅलो म्हणाली. तिची मुलं मोठी झाली आहेत. तिचं घर कोरडं आहे. मोडायचं ते आता मोडणार नाही, कदाचित. किंवा मोडेल. ते ठरवायचा हक्क माझा नव्हता, तेव्हाही नव्हता.

मी म्हटलं, क्रेगला फोन दे.

तो आला. फक्त श्वास ऐकू येत होता.

"क्रेग," मी म्हटलं, "गुरुवारच्या आधी तू तिला सांग. मी सांगणार नाही. तू सांग."

पलीकडून किर्स्टीचा आवाज आला, काय म्हणतेय ती?  क्रेगने फोन बंद केला नाही, नुसता टेबलावर ठेवला असावा, कारण मला खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्याने तिला "बस" म्हटल्याचा.

मी माझ्या बाजूने फोन बंद केला.